फॉल्ट सापडला का?

सेट पूर्ण बंद पडलेला असेल तर दुरुस्त करणाऱ्याचं काम सोपं. फ्यूज उडालेला असतो, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी ओपन असते. मीटर लावला की उत्तर मिळतं आणि उद्या लावला तरी तेच मिळतं. जीव खाते ती अधूनमधून येणारी खरखर. गिऱ्हाइकाच्या घरी ती रोज संध्याकाळी हजर असते. सेट माझ्या टेबलावर आला की जणू कधी नव्हतीच. बरं, ती थांबली तरी पंचाईत संपत नाही. मी काही केलं म्हणून थांबली, की तिच्या मर्जीने? सेट परत देताना "झालं काम" म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

या प्रश्नाचा तांत्रिक अंगाने मी पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्या अंगाने करायचं टाळत आले. सध्याच्या एका सेटने ते टाळणं अवघड केलं.

माझी सगळी नोकरी तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत गेली. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत टेबल टाकलं आणि ओळखीपाळखीचे लोक जुने अ‍ॅम्प्लिफायर आणून देऊ लागले. १९७० च्या दशकातले, जपानी, बहुतेक आखातातून आलेले. मस्कत, दुबई, कुवेतला कामाला गेलेली माणसं तेव्हा सुट्टीवर येताना सोन्याबरोबर स्टीरिओ आणायची. पुढे घासलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी, बोटांना गार लागणारे जड नॉब, आणि उचलताना कंबर धरेल एवढा ट्रान्सफॉर्मर. हे सेट मला आवडतात, कारण ते खोटं बोलत नाहीत. अमेरिकेत वॉटच्या आकड्यांवरून कंपन्यांची इतकी चढाओढ लागली, की १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला: दोन्ही चॅनेल एकदम चालवून सतत मिळते तेवढीच शक्ती जाहिरातीत छापायची. त्यामुळे त्यानंतरच्या चांगल्या सेटवर ८० वॉट लिहिलेले असले तर ते खरोखर ८० असतात. आपल्याकडे १९९० च्या दशकात पीएमपीओ नावाचं थोतांड आलं आणि तळहाताएवढ्या स्पीकरवर हजार वॉट छापून आले. वर्गात हे मी मुलांना मोठ्या चवीने सांगायचे. मुलं हसायची. वॉटसाठी कायदा करता येतो, "झालं काम" या दोन शब्दांसाठी करता येत नाही, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

हा सेट घेऊन आलेला माणूस चाळिशीतला. दारातच त्याने विचारलं, "सर आहेत का?" म्हटलं, दुरुस्ती मीच करते. तो ओशाळला. मग म्हणाला, "मॅडम, बाबांनी मस्कतहून आणलेला. बाबा गेले दोन वर्षांपूर्वी. डाव्या बाजूला आवाज येतो. कधी दोन-दोन दिवस काही नाही, आणि मग एकदम पापड मोडल्यासारखं कडाकड. एका ठिकाणी स्प्रे मारून दिला. दुसरीकडे म्हणाले, सगळे कॅपॅसिटर बदला."

"सर आहेत का" हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला आहे. राग येत नाही आता. पण त्या क्षणी मनात काय झालं ते मला नेमकं आठवतं: हा फॉल्ट मी शोधूनच दाखवणार. सेटचं झाकण उघडायच्या आधीच निकाल ठरला होता. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

पहिल्या पायऱ्या सरावाच्या. व्हॉल्यूम पूर्ण खाली केला, तरी आवाज आला तेव्हा तेवढाच आला. म्हणजे उगम व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे, पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला. त्याआधीचे सिलेक्टर आणि टोन कंट्रोल सुटले. मागे स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. खरखर उजव्या स्पीकरमधून आली, म्हणजे दोष स्पीकरचा नाही, डाव्या चॅनेलचाच. झाकणाखाली पालीच्या अंड्यांची टरफलं आणि मुंग्यांनी आणलेली माती निघाली. ती ब्रशने काढली. मग रिले बघितला. सेट सुरू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो तो या रिलेचा. स्पीकरकडे डीसी जाऊ नये म्हणून तो राखण करतो. वर्षानुवर्षांनी त्याच्या कॉन्टॅक्टवर थर चढतो. मग हळू आवाजात एक बाजू दबते, फाटते, आणि व्हॉल्यूम एकदा वर नेला की मोकळी होते, कारण जास्त व्होल्टेज त्या थरातून वाट काढतं. इथेही तसंच होत होतं. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमधून ओढली, काळी होऊन निघाली. त्या संध्याकाळी खरखर आली नाही.

पहिला मोह इथला. रिले खराब होता हे खरं होतं. पट्टीवरचा काळा डाग दाखवता आला असता. गिऱ्हाइकाला काहीतरी काळं दाखवलं की त्याचं समाधान होतं, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण पापड मोडल्यासारखा आवाज व्हॉल्यूम शून्यावर असतानाही येत होता. सिग्नलच जात नसेल तर घाण कॉन्टॅक्ट फाडणार काय? रिलेचा दोष वेगळा, ही खरखर वेगळी. मी सेट चालू ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. खरं सांगते, मला बरं वाटलं. बिचाऱ्याचा सेट बिघडलेला राहिला याचं दुःख वगैरे काही नाही; मला माझा आरोपी परत मिळाला.

मग हेअर ड्रायर. बोर्डाच्या एकेका भागावर गरम हवा सोडत गेलं की उन्हाळी फॉल्ट लवकर तोंड उघडतो. इनपुटच्या दोन ट्रान्झिस्टरांजवळ हवा गेली की काही मिनिटांत कडकड सुरू व्हायची. त्यातल्या एकावर फ्रीझर स्प्रेचा फवारा मारला, की बंद. ही जोडी पॉवर अ‍ॅम्पच्या अगदी तोंडाशी असते. आलेला सिग्नल आणि आउटपुटकडून परत आलेला सिग्नल यांची ती तुलना करते. तिथे झालेला बारीकसा टकटकाट पुढचे सगळे टप्पे मोठा करून स्पीकरला देतात. नंबर होता ए७२६. जुने जपानी सेट उघडणाऱ्या माणसाला हा नंबर दिसला की तो मान हलवतो, कारण वय झाल्यावर हे ट्रान्झिस्टर आवाज करतात अशी त्यांची ख्याती आहे. भिंगातून पाहिलं तर त्यांचे पाय काळे पडलेले. पायांवर चांदीचा मुलामा असतो, हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. गरम केल्यावर बोलतो, गार केल्यावर गप्प, पाय काळे, आणि नाव आधीपासून बदनाम. आणखी काय हवं?

चारही काढले, कारण डाव्याचे बदलले तर उजव्याचेही बदलावेत. जागी केएसए९९२ घातले, गेन मोजून जोड्या जुळवून. पायांचा क्रम जुन्यासारखाच, एमिटर-कलेक्टर-बेस. बीसी५५७ घालणारे लोक इथे फसतात, त्याचा क्रम वेगळा असतो. मग सिरीज लॅम्पवर सेट चालू केला, दिवा क्षणभर उजळून मंद झाला, स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजला, काही मिलिव्होल्टच. खरखर गायब. ड्रायरने गरम केलं, गायब. रात्री चालू ठेवून झोपले, सकाळी उठून ऐकलं, गायब.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. संपवली असती तर कुणी काही म्हणालं नसतं.

पण ते चार ट्रान्झिस्टर काढण्यासाठी मी बोर्डाचे स्क्रू सोडले होते. बोर्ड वाकला होता. जुना सोल्डर पंपाने ओढून घेतला होता आणि प्रत्येक पायाला नवा दिला होता. पन्नाशीला आलेल्या बोर्डात ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा, असणं यात नवल काहीच नाही, आणि ड्राय सोल्डरही गरम केल्यावर बोलतो, गार केल्यावर गप्प होतो. फ्रीझर स्प्रेचा फवारा एका ट्रान्झिस्टरवर मारला असं मी वर लिहिलं. तो काही सुईने मारता येत नाही, आजूबाजूचे सांधेही गारठतात. म्हणजे खरखर थांबली ती नव्या ट्रान्झिस्टरमुळे, की नव्या सोल्डरमुळे? हे कळायचा सरळ मार्ग एकच. जुना ट्रान्झिस्टर परत त्याच जागी लावायचा. खरखर आली तर दोष त्याचा. नाही आली तर त्याची चार लोकांत उगाच बदनामी झाली.

मी तो परत लावला नाही. कारण तयार होतं: त्या काळचे बोर्ड कागदी फिनॉलिकचे, पुन्हापुन्हा तापवले की तांब्याचे पॅड उचकटतात. हे कारण शंभर टक्के खरं आहे. गिऱ्हाइकाच्या वडिलांचा सेट मी माझ्या जिज्ञासेसाठी धोक्यात घालू नये, हेही खरं. पण स्वतःशी बोलताना एवढ्यावर सुटका होत नाही. कारण खरं असलं तरी मी ते पुढे केलं ते त्याच्या खरेपणासाठी नव्हे. मला उत्तर नको होतं. "नाही आली" हे उत्तर तर अजिबात नको होतं. बोर्डाची काळजी मला ट्रान्झिस्टर काढताना एवढी वाटली नव्हती, जेवढी तो परत लावायच्या वेळी वाटली.

मधला मार्ग निघाला. वेगळ्या छोट्या बोर्डावर, बॅटरीवर चालणारं साधं सर्किट केलं, त्यात जुना ट्रान्झिस्टर बसवला आणि त्याचा आउटपुट माझ्या धडधाकट अ‍ॅम्प्लिफायरला दिला. ऐकत बसले. गप्प. ड्रायर लावला. गप्प. नऊ व्होल्टवर कदाचित त्याला बोलायला कारण नसेल, सेटमध्ये त्याच्यावर बरंच जास्त व्होल्टेज असतं, म्हणून बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या. मग मधूनच एक 'टक्' आला. मी खुर्चीतून उठलेच. थोड्या वेळाने आणखी एक. त्यानंतर लक्षात आलं की स्वयंपाकघरातला फ्रिज सुरू होतानाही असाच 'टक्' येतो. फ्रिजचा प्लग काढून पुन्हा बसले. काही आलं नाही. आता ते दोन 'टक्' ट्रान्झिस्टरचे होते की फ्रिजचे? मला ते कुणाचे हवे होते हे मात्र स्वच्छ दिसत होतं. खुर्चीतून उठले त्या क्षणीच मी निकालपत्र लिहून मोकळी झाले होते.

या प्रकारच्या आवाजाला अभ्यासकांनी बर्स्ट नॉइज असं नाव दिलं आहे, मक्याच्या लाह्यांवरून पॉपकॉर्न नॉइजही म्हणतात. ट्रान्झिस्टरच्या स्फटिकातला एखादा दोष विद्युतकण धरून ठेवतो आणि सोडतो, त्यामुळे प्रवाह दोन पातळ्यांमध्ये उड्या मारतो. कधी सेकंदात अनेकदा, कधी कितीतरी वेळ काहीच नाही. शास्त्राने कारण सांगितलं, वेळापत्रक नाही सांगितलं. म्हणजे माझ्या टेबलावर गप्प राहिला म्हणून तो निर्दोष, असंही म्हणता येत नाही. पूर्वी असं वाक्य मी माझ्या सोयीने वापरलं असतं: "म्हणता येत नाही ना, मग तोच असणार."

आता कानांविषयी. सिग्नल जनरेटर लावून मी माझी चाचणी घेतली. साधारण नऊ किलोहर्ट्झच्या वर मला काही ऐकू येत नाही. वयाने होतं, सगळ्यांचं होतं. पण मी लोकांना "वरचे स्वर आता मोकळे झाले", "हिस पूर्ण गेला" असं छातीठोक सांगत असते. माझ्या बहिणीची नात सुट्टीला आली होती, तिला या सेटसमोर बसवलं आणि काहीच न लावता विचारलं, आता शांत आहे ना? ती म्हणाली, "आज्जी, शूऽऽ येतंय की. बारीक." मी कान स्पीकरला लावला तरी मला नाही आला.

तो शूऽऽ दोष नव्हे, एवढं तरी मला ठामपणे सांगता येतं. बेल लॅबमध्ये जॉन्सनने मोजून आणि नायक्विस्टने गणिताने १९२८ साली दाखवलं, की कुठलाही रेझिस्टर नुसता उबदार असला तरी आवाज करतो. दहा किलोओहमचा रेझिस्टर ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यात सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट, काही न करता, सेट बंद करून कपाटात ठेवला तरी. पूर्ण शांत अ‍ॅम्प्लिफायर नसतो. पण हे मी नातीला समजावून सांगत होते तेव्हा आत कळत होतं, की मी आधी तिचं ऐकलं, मग स्पष्टीकरण शोधलं. आणि तिने सांगितलं नसतं तर "हिस पूर्ण गेला" हेच वाक्य पुढे गेलं असतं.

दुसऱ्या दुकानदाराने सगळे कॅपॅसिटर बदलायला सांगितले होते. त्याला नावं ठेवणं मला सोपं आहे, कारण मी एकेक मोजून पाहते आणि पडलेलेच बदलते. या सेटमधले बहुतेक अजून चांगले निघाले. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर दहा अंश थंड चालला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि हा सेट उघड्या शोकेसवर, हवेशीर बसलेला. पण सगळं बदलून टाकणारा निदान एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो: कुठला खराब आहे ते मला माहीत नाही, म्हणून सगळेच बदलतो. मी एक बोट दाखवते. माझं बिल कमी होतं, माझा रुबाब वाढतो. गिऱ्हाइकाच्या खिशाची मला काळजी आहे हे खरंच. "मॅडमनी बरोबर एकच पार्ट काढला" हे त्याच्या तोंडून ऐकायचीही भूक आहे.

ती भूक कुठून आली हेही माहीत आहे. प्रयोगशाळेत एखाद्या सरांचं सर्किट चाललं नाही तर पार्ट खराब असायचा. माझं चाललं नाही तर मुलं म्हणायची, "मॅडम, सरांना बोलावू का?" "माहीत नाही" हे शब्द मला परवडणारे नव्हते. तेव्हा नव्हते. आता पेन्शन आहे, टेबल माझं आहे, सरही कुणी नाहीत. सवय मात्र तशीच आहे, आणि तिला जुन्या अन्यायाची आठवण करून दिली की ती आणखी माजते.

गिऱ्हाइकाला फोन केला. सांगितलं, आवाज थांबला आहे. चार ट्रान्झिस्टर बदलले, सांधे नवे केले, रिले साफ केला. यातल्या कशाने थांबला ते मला खात्रीने सांगता येत नाही.

"म्हणजे परत येऊ शकतो?"

"येऊ शकतो. पावसाळा जाऊ दे, दमट हवेत कसा राहतो ते कळेल."

"पण तुम्ही शोधला ना, फॉल्ट?"

"संशयित सापडला आहे."

तो जरा थांबला. "मॅडम, आईला काय सांगू? ती रोज विचारते, झाला का. तुम्ही नुसतं 'झाला' म्हणा ना."

या विनंतीत काही वाईट नव्हतं. नवरा गेलेल्या बाईला त्याच्या स्टीरिओवर तिच्या जुन्या कॅसेट ऐकायच्या होत्या, आणि माझ्या एका शब्दाने तिची संध्याकाळ निर्धास्त गेली असती. माझ्या खरेपणाचा खर्च तिने का करावा? यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी म्हटलं, "आईंना सांगा, वाजतोय. रोज लावा. खरखरला तर वेळ लिहून ठेवा, तेव्हा फ्रिज चालू होता का तेही लिहा."

रविवारी तो आला. मी कागदावर काय-काय केलं ते लिहून दिलं, काढलेले ट्रान्झिस्टर पाकिटात घालून दिले. पैसे फक्त पार्टचे आणि रिलेच्या कामाचे घेतले, बाकीचे पावसाळा खरखरीशिवाय गेला तर द्या म्हटलं. हे सगळं सांगताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतकं स्पष्ट कोण सांगतं हल्ली, असं काहीतरी तो म्हणेल असं वाटत होतं. वाक्य मी मनात तयारही ठेवलं होतं, नम्रपणे झटकून टाकायला. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली, "बरं" म्हणाला, आणि सेट उचलताना विचारलं, खाली रिक्षा मिळेल का.